दुखते म्हणजे वाढते

आमच्या कोंढ्यात अक्कल असलेली माणसं कमी नाईत. पण लोक ती अक्कल वापरत नाईत, सणासुदीच्या लुगड्यासारखी घडी करून पेटीत ठेवतेत. त्यात पहिला नंबर जागेश्वर सेलोकरचा. माझा लंगोटी यार हाये, म्हणून मी बोलतो. दुसऱ्या कोणी त्याले बोललं तं मी कैची घेऊन उठन.

मी मधुकर. बसस्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान हाये. बावीस सालापासून गावातल्या पोरापोरीईचे शाळेचे कपडे मी शिवतो. कोणाचं पोट सुटलं, कोणाचा खांदा उतरला, कोणाचं पोरगं एका उन्हाळ्यात हातभर वाढलं, हे मले त्याच्या मायच्या आधी कळते. माझ्या टेपले लाज नाई अन् भीड नाई. मले होती, ते पुढं सांगतो.

जागेश्वरची सारी जिंदगी अर्ध्या सेंटिमीटरवर अडली. चोवीस साल झाले, आमी दोघं भंडाऱ्याले पोलीस भरतीले गेलो होतो. उंची एकशे पासष्ट लागे. घरी भिंतीले उभं करून मोजलं तं हा कधी एकशे पासष्ट भरे, कधी कणभर कमी. कोण्या दीडशहाण्यानं त्याले सांगतलं का माणूस आडवा राहिला तं लांबते अन् उभा राहिला का दबते. झालं. हा बेटा आदल्या दिवशी सकाळपासून खाटेवरून उठला नाई. जेवला आडवा, चहा प्याला आडवा. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मेटाडोरमध्ये धानाचं तनस अंथरलं अन् कोंढ्याहून भंडाऱ्यापर्यंत हा झोपून गेला. डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला का म्हणे, "मध्या, डोकं धर, मणके दबतीन." मैदानाच्या गेटवर मी अन् मेटाडोरवाल्यानं त्याले हातापायाले धरून उतरवला. लोक बाजूले झाले, त्याईले वाटलं कोणी मेलं.

रांगेतही हा बसला नाई, जमिनीवर लंबा झाला. नंबर आला तवा उठून उभा राहिला. डोक्यावर पट्टी आली. हवालदार म्हणे, "एकशे चौसष्ट पूर्णांक पाच. चला, पुढचा."

मी दौडीत बाहेर झालो, घरी आलो, शिलाई मशीन घेतली, विषय संपला. याचा संपला नाई. "त्यानं पट्टी दाबली," हे तो आजही सांगते. तीन एकर धान, दोन बैलं, घरी बायको, सारं चांगलं होतं, पण याच्या डोक्यावरची पट्टी काही उतरली नाई. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. लग्नाची पोरगी पाहाले गेला तं माझा टेप खिशात घालून गेला. करुणा वहिनी याच्यापेक्षा दोन बोटं उंच निघाली अन् यानं तिथंच होकार देला. लग्नाच्या फोटोत हा पाटावर उभा हाये. पुढं पोरगी झाली, तवा साऱ्यांनी वजन विचारलं, यानं लांबी विचारली. नर्स हासली. मी नाई हासलो, मले माहीत होतं हे कुठं चाललं.

पोरीचं नाव तृप्ती. पोरगी गुणाची, बापावर अजिबात गेली नाई. पळाले मोठी तेज. आठवीत असताना शाळेच्या दौडीत पहिली आली, अन् बक्षीस म्हणून स्टीलचा डबा भेटला. तिनं डबा मायले देला. बापानं डब्याकडे पाह्यलंही नाई, तो पोरीच्या पायाकडे पाहत होता. त्याच संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणे, "मध्या, पोरगी पोलिसात जाईन. पोरीईले एकशे पंचावन्न लागते. आता एकशे एकोणपन्नास हाये. सहा सेंटिमीटरचा सवाल हाये."

"पोरीले विचारलं काय?" मी म्हटलं.

"तिले काय विचाराचं? तिचंच भलं होऊन राहिलं."

तिथून सुरू झालं. याच्या मोबाईलवर कोणी एक फुगल्या दंडाचा माणूस येई अन् सांगे का झाडाले लटका, उंच उड्या मारा, महिन्याभरात फरक पाहा. त्या माणसाची स्वतःची उंची किती, हे जागेश्वरनं कधी पाह्यलं नाई. घरामागच्या कडुनिंबाची एक फांदी यानं ठरवली. पोरगी रोज सकाळी पवनीच्या डांबरी रस्त्यावर पळे, पायात दोन साल जुने कॅनव्हासचे बूट. घरी आली का फांदीले लटके, अन् वरून खाली कडक जमिनीवर उडी. परत लटके, परत उडी. पन्नास वेळा. बाप बाजूले बसून मोजे. उभ्या गावानं हे पाह्यलं अन् उभं गाव म्हणे, बाप असावा तं असा. सांगतलं ना मी, अक्कल पेटीत ठेवतेत म्हणून.

अन् दर पुनवेले मोजणी. पुनवच काहून? तं चांद भरते तशी पोरगी भरते. हे शास्त्र यानं स्वतः काढलं. सकाळची दौड झाली का पोरगी बूट काढून दरवाज्याच्या चौकटीले पाठ लावून उभी राहे, बाप डोक्यावर फुटपट्टी ठेवे अन् चौकटीवर गेरूची रेघ मारे. बाजूले महिना लिहे. त्या घरात देवाच्या फोटोले हार नसला तरी चाले, पण चौकटीवरच्या रेघेले कोणी हात लावाचा नाई.

नववीत दिवाळीच्या सुमारास तृप्तीचे गुडघे दुखाले लागले. आधी दोन्ही गुडघे, मंग डाव्या पायाची नडगी. एक दिवस ती रस्त्यावरून लंगडत आली अन् बापाले म्हणे, "बाबा, पाय लय दुखते." जागेश्वर तिले पवनीले एका डॉक्टरकडे घेऊन गेला. मी सोबत होतो, मले दोरे आणाचे होते. डॉक्टरनं गुडघा दोन बोटांनी दाबला. सुईत दोरा ओवाले जेवढा वेळ लागते, तेवढाही त्याले लागला नाई. पॅन्ट वर करून नडगी पाहाची तं गोष्टच सोडा. म्हणे, "वाढीचं दुखणं आहे. या वयात होतंच. काळजी करू नका." गोळ्या लिहून देल्या अन् पुढच्या पेशंटले हाक मारली.

त्या दिवशी तो डॉक्टर खरा बी असन. या वयातल्या पोराईचे पाय दुखतेतच, आमचेही दुखले. पण काळजी नको म्हणजे पाहाचंच नाई, असं तं नसते ना. अन् सांगतलं कोणाले? जागेश्वरले. जागेश्वरले 'वाढीचं' एवढाच शब्द ऐकू आला, 'दुखणं' तिथंच दवाखान्यात राहून गेलं. बाहेर आला तं चेहरा असा उजळला होता, जसा काही पोरीच्या नोकरीचा ऑर्डरच हाती आला. बाजारातून अर्धा किलो पेढे घेतले. एक पेढा पोरीच्या तोंडात घातला, एक माझ्या. गावात येऊन बसस्टँडवर वाटले.

"मध्या," म्हणे, "दुखते म्हणजे वाढते."

मी म्हटलं, "अरे, दुखते म्हणजे दुखते."

"तुले शेतीतलं काय समजते? रोवणं झालं का धान आठ दिवस मुरगळते का नाई? पिवळं पडते, मान टाकते. नवीन माणसाले वाटते गेलं पीक. पण तेच धान मंग जोर धरते. पोरगी आता मुरगळून राहिली. उठन."

घ्या. माणसाच्या पोरीले यानं बांधीत रोवलं. तीस साल धान केलं म्हणून याले सारं जग धानच दिसते. गोळ्या त्यानं देल्या नाईत, दुखणं थांबलं तं वाढ थांबन म्हणून. त्या डब्यातच राहिल्या, त्याच स्टीलच्या डब्यात. दुखणं रेड्याले अन् डाग पखालीले म्हणतेत, इथं तं डागही नाई अन् औषधही नाई, निसते पेढे.

करुणा वहिनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून पोरीचे पाय चोळे. ती अडाणी म्हणून ओळखली जाते, चौथी शिकली. पण साऱ्या गावात शहाणा सवाल तिनंच विचारला. दहावीच्या साली असन, मी त्यांच्या घरी ब्लाऊज द्याले गेलो होतो, तवा ती नवऱ्याले म्हणत होती, "आधी दोन्ही पाय दुखत होते. आता एकच पाय दुखते, अन् एकाच जागी दुखते. वाढ काय एकाच पायाची होऊन राहिली?"

जागेश्वर म्हणे, "सारं धान एकाच दिवशी निसवते, लोंबी टाकते काय? एक बांधी आधी, एक मांगून."

वहिनीनं तेलाची वाटी उचलली अन् आत गेली. त्या घरात धानाच्या पुढं कोणाचं काही चालत नाई. मी ब्लाऊज खाटेवर ठेवला अन् बाहेर पडलो. तोंड मलेही होतं, पण मी ते चहाले वापरलं.

आता माझं सांगतो. दर जूनले तृप्तीची नवीन पॅन्ट माझ्याकडेच येई. जागेश्वरची सक्त ताकीद का खाली चार बोटं कापड दुमडून ठेवाचं, पोरगी वाढली का उसवून सोडाचं. नववीत ठेवलं. दहावीत मोजलं तं पॅन्टची लांबी छत्तीस इंच, अन् नववीच्या शेवटीही छत्तीसच होती. जुन्या पॅन्टचं दुमडलेलं कापड जसंच्या तसं. एक टाका उसवला नाई. म्हणजे पोरगी वाढाची थांबली होती. टेपवर लिहिलेलं मी वाचलं, वहीत छत्तीस लिहिलं, अन् जागेश्वरले काहीच बोललो नाई. काहून? तं गिऱ्हाईकाचा आनंद आपण काहून खराब करा. अशी माझी हुशारी.

चौकटीवरची रेघही तवाच अडली होती. एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच. एक पुनव, दोन पुनवा, तीन. रेघेवर रेघ. जागेश्वरच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. तो जेवताना बोले नाई. बैलाईवर चिडे, बायकोवर चिडे, पोरीवर मात्र चिडे नाई, निसता तिच्याकडे पाहे. ते पाहणं चिडण्यापेक्षा वाईट होतं. उड्या पन्नासच्या साठ झाल्या, रस्त्यावरचा एक चक्कर वाढला.

चौथ्या पुनवेच्या आदल्या दिवशी तृप्ती शाळेतून येताना माझ्या दुकानात आली. बाकड्यावर बसली, डावा पाय लांब करून.

"काकाजी, बकरम आहे काय?"

बकरम म्हणजे कॉलरच्या आत घालतो ते कडक कापड. मी म्हटलं, "तुले कायले पायजे?"

"मोज्यात ठेवाले. टाचेखाली. बाबा मोजते तवा."

मले हासू आलं. खोटं कायले सांगू, मले मोठी गंमत वाटली. भरतीले बाप आडवा झोपून गेला होता, आता पोरगी बकरम घालून उभी राहते, खानदानी धंदा हाये म्हटलं. ती बी हासली. मी टाचेच्या आकाराचे तुकडे कापले, तीन थर ठेवून मशीन मारली, दोन्ही पायाचे दोन. मले वाटलं, एक डाव बापाचं तोंड गोड होते तं होऊ दे. चांगलं काम करून राहिलो, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेघ अर्धा सेंटिमीटर वर गेली. जागेश्वर धावतच दुकानात आला. "सांगतलं होतं ना? महिनाभर लय दुखत होतं तिचं. आता पाह्य, उठली." मी म्हटलं, "वा." एवढंच म्हटलं मी. वा.

मंग ते थांबवता येईना. एकदा वर गेलेली रेघ खाली कशी आणाची? पोरगी दर दोनतीन महिन्यानं येई अन् म्हणे, "काकाजी, अजून एक थर." मी शिवून देई. रेघ वर सरके, बापाची खात्री वाढे, बापाची खात्री वाढली का चक्कर वाढे, चक्कर वाढला का पाय जास्ती दुखे, अन् पाय दुखला का बाप अजून खुश. अशा त्या रहाटगाडग्याले पोरगी बांधली होती अन् तेल घालणारा मी होतो. बाप मूर्ख, ते सारं गाव जाणते. पण त्याले टेप वाचता येत नव्हता. मले येत होता.

अकरावीच्या जूनले ती कॉलेजच्या पॅन्टच्या मापाले आली. छत्तीस. माप घेताना माझा हात डाव्या नडगीले लागला तं पोरगी अशी झटक्यानं मांग सरली का टेप हातातून सुटला. मी पाह्यलं. नडगीच्या मधोमध, हाडावर, रुपयाएवढी जागा वर आली होती. बोट लावलं तं तिचे डोळे भरले.

"हे कवापासून?"

"लय दिवस झाले. आधी पळाल्यावर दुखे. आता निजतानाही दुखते."

"बापाले सांगतो मी."

"नका सांगू," ती म्हणे. "काकाजी, तुमाले माझी आण हाये. बाबाले नका सांगू."

मले वाटलं, पोरीले पळाची लय हौस, बाप पळणं बंद करन म्हणून भेली. मोठा मनकवडा मी. मी चूप राहिलो. पॅन्टले खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं, सवय म्हणून.

ऑगस्टमध्ये, रोवणं आटोपल्यावर, एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करून राहिलो होतो. समोरच्या रस्त्यावर तृप्तीचा तिसरा चक्कर चालू होता. जागेश्वर पुलाच्या कठड्यावर मोबाईल घेऊन टाईम लावून बसला होता. पोरगी पळत आली, दोन पावलं वाकडी टाकली अन् रस्त्याच्या मधोमध बसली. ओरडली नाई, रडली नाई. निसती बसली.

"ऊठ," जागेश्वर म्हणे. "शंभर मीटर राहिले."

ती उठली. उजव्या पायावर उठली. डावा पाय टेकवला तं तो पाय तिचा नसल्यासारखा आतल्या आत वळला अन् ती परत खाली आली. मी रस्ता ओलांडून पळालो. जागेश्वर तिच्या पिंडरीले चोळाले लागला, म्हणे, "गोळा आला हाये. होते असं. चोळलं का जाते." त्यानं हात लावला तवा ती ओरडली. तशी ओरड मी आजपर्यंत ऐकली नाई अन् ऐकाची इच्छाही नाई.

मी त्याचा हात धरून बाजूले केला. पहिल्यांदा. तीन साल उशिरा.

एकाची व्हॅन भेटली. तिले मांगच्या सीटवर आडवी केली, डोकं बापाच्या मांडीवर. पाय मी धरला, माझ्या दुकानातला मोजाचा लाकडी गज बाजूले बांधून. करुणा वहिनी पुढं बसली. कोंढ्याहून भंडाऱ्यापर्यंत तोच रस्ता, डांबर नवीन, खड्डे जुनेच. खड्डा आला का पोरगी माझं मनगट आवळे अन् जागेश्वर दोन्ही हातांनी तिचं डोकं धरे. आमी दोघाईनं एकमेकाकडे पाह्यलं नाई. आमी हा प्रवास आधी केला होता.

भंडाऱ्याच्या हाडाच्या डॉक्टर बाई होत्या. तरुण होत्या, पण त्याईनं पाय नीट पाह्यला, बराच वेळ. एक्स-रे काढला, काचेवर लावला अन् आमाले तिघाईले बोलावलं. पोरगी तिथंच स्ट्रेचरवर होती.

"ही चीर बघा," बाई म्हणाल्या. "आजची नाही ही. बरेच महिने आहे. एकाच जागी सारखा मार बसत गेला की हाडाला अशी बारीक चीर पडते. तेव्हाच पळणं थांबवलं असतं, तर आठ-दहा आठवड्यांत भरून आली असती. आज ती आरपार गेली. किती दिवसांपासून दुखत होतं?"

जागेश्वर म्हणे, "दोन साल झाले, मॅडम. पण ते वाढीचं होतं."

"कसली वाढ?"

"उंचीची. डॉक्टरनं सांगतलं होतं. वाढीचं दुखणं."

बाईनं एक्स-रेवर गुडघ्याजवळ पेन ठेवला. "लहानपणी इथं फट असते. हाड इथून वाढतं. वाढ पुरी झाली की ती मिटते. हिची मिटलीये, त्यालाही वर्ष होऊन गेलं असेल. अन् वाढीचं दुखणं दोन्ही पायांना येतं, संध्याकाळी येतं, सकाळी उठलं की नसतं. ते असं एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. मुलगी लंगडत होती ना? एका पायानं?"

करुणा वहिनी नवऱ्याकडे पाहत होती. तिचा सवाल आता डॉक्टरनं विचारला होता, त्याले तरी उत्तर देते काय हा, म्हणून.

जागेश्वर म्हणे, "असं कसं होईन, मॅडम? चौकटीवर रेघा हायेत. दहावीपासून आतापर्यंत अडीच सेंटिमीटर वाढली. मी स्वतः मोजलं. एकशे चौपन्न झाली. एकच राहिला होता." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला, भरतीच्या मैदानावर झाला होता तसा. "एकच सेंटिमीटर राहिला होता."

"बाबा," तृप्ती स्ट्रेचरवरून म्हणे, "मोज्यात बकरम होतं."

जागेश्वरले बकरम म्हणजे काय, हे समजाले थोडा वेळ लागला. मंग त्यानं माझ्याकडे पाह्यलं. "मध्या?"

मी खाली फरशीकडे पाहत राहिलो. चौरस फरशी होती, एक फूट बाय एक फूट. मी माप घेत राहिलो.

त्यानं मले शिवी देली असती तं बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. पण तो पोरीकडे वळला. स्ट्रेचरच्या दांडीले धरून उभा राहिला अन् म्हणे, "इतकं दुखत होतं, तं तू मले सांगतलं काहून नाई, बाई?"

तृप्तीनं त्याच्याकडे पाह्यलं. रागानं नाई, साधंच.

"सांगतलं होतं ना," ती म्हणे. "तुमी पेढे आणले."

पोरगी माझ्या दुकानात कशाले भेली होती, ते मले तिथं कळलं. पळणं बंद होईन म्हणून नाई. बाप खुश होईन म्हणून.

मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर झालं. बाई म्हणाल्या, पाय चांगला होईल, चालेल नीट, पण वर्षभर पळायचं नाव काढायचं नाही, अन् पुढचं पुढं पाहू. घरी आल्यावर करुणा वहिनीनं पहिलं काम काय केलं, तं ओलं फडकं घेतलं अन् चौकटीवरच्या साऱ्या रेघा पुसून काढल्या. आठवीपासूनच्या साऱ्या. जागेश्वर अंगणात उभा होता. कडुनिंबाची ती फांदी त्यानं स्वतः तोडली, पण ते सोपं काम होतं. फांदीचा काही गुन्हा नव्हता.

आठ दिवसांनी तो माझ्या दुकानात आला. तीन पॅन्टी घेऊन आला. प्लास्टरच्या पायावर पॅन्ट चढत नव्हती. मी डाव्या पायाची शिलाई वरपासून उसवली, कापड जोडून पाय रुंद करावा लागणार होता. जोडाले तेच कापड पायजे, त्याच रंगाचं. मंग मी तिन्ही पॅन्टींचं खालचं दुमडलेलं कापड उसवून काढलं. चार-चार बोटं. तीन सालापासून दुमडून ठेवलेलं, घडीच्या आतला रंग अजून नवा होता. ते बाजूनं जोडलं अन् पॅन्ट बरोबर बसली. जागेश्वर समोर बाकड्यावर बसून पाहत होता, जिथं ती पाय लांब करून बसली होती तिथंच.

तो माझ्याशी बोलते. कमी बोलते, पण बोलते. गावात लोकाईनं विचारलं तं सांगते का पोरगी रस्त्यावर पाय घसरून पडली, अन् लोक म्हणतेत, नजर लागली असन. म्हणू दे. गावाले मी आता काही सांगत नाई. माझा तोरा त्या फरशीवर राहून गेला.

एक मात्र झालं. जागेश्वर आता रोज सकाळी बांधीवर जाण्याआधी पोरीच्या खाटेजवळ उभा राहते अन् विचारते, "दुखते काय?" संध्याकाळी आल्यावर परत विचारते, "दुखते काय?" पोरगी दोन्ही वेळा म्हणते, "नाई, बाबा." अन् तो तिथंच उभा राहते. ती खरं बोलते का त्याचं मन राखते, हे त्याले समजत नाई. करुणा वहिनीले विचारते, मले विचारते. मी तरी काय सांगू त्याले. ते मोजता येत नाई.